डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण वाचेल का आणि किती सावरेल, हे पहिल्या दिवसांत कशावरून ठरते?

तुम्ही लिहिलेल्या मजकुरावरून परिस्थिती अशी दिसते. तुमचे 34 वर्षांचे धाकटे बंधू रात्री मोटारसायकलवरून मोहोळहून सोलापूरकडे येत असताना, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. लोकांनी मिळेल त्या गाडीत घालून त्यांना जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे त्यांचे वरचे बीपी 80 होते, उलटी झालेली होती आणि उजव्या मांडीचे हाड मोडलेले होते. सलाईन लावून त्यांना सोलापूरला हलवले गेले आणि इथे आल्यावर श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवले. आज चौथा दिवस आहे. कागदावर ‘एम 4’ लिहिलेले आहे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूला मुका मार, पातळसा रक्तस्राव आणि थोडी सूज आहे, पण मेंदूची मध्यरेषा सरकलेली नाही. तुम्ही विचारता की ते वाचतील का, पूर्वीसारखे होतील का, त्यांना पुण्याला हलवावे का, आणि डॉक्टर आता गळ्याला छिद्र पाडण्यासाठी सही मागत आहेत म्हणजे त्यांनी आशा सोडली आहे का.

मी सोलापुरात बरीच वर्षे मेंदूच्या शस्त्रक्रिया करतो आणि असे रुग्ण आमच्याकडे पुणे, विजयपूर आणि हैदराबाद अशा तिन्ही बाजूंच्या महामार्गांवरून, तसेच तालुक्यांच्या गावांतून सतत येतात. मी तुमच्या बंधूंना तपासलेले नाही आणि त्यांचे स्कॅन पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरता निर्णय त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांचाच राहील. मात्र डॉक्टर काय पाहून विचार करतात, आणि चौथ्या दिवशीही ठामपणे का बोलत नाहीत, हे मी सांगू शकतो.

आधी एक गोष्ट वेगळी करू. जीव वाचणे आणि माणूस सावरणे हे दोन प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे पुष्कळदा वेगवेगळ्या वेळी मिळतात. पहिल्याचे उत्तर बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळायला सहा महिने, कधी वर्ष लागते. नातेवाईक दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात विचारतात, डॉक्टर पहिल्याचे उत्तर देतात आणि ऐकणाऱ्याला ते दुसऱ्याचे वाटते. ‘आता धोका टळला’ असे ऐकून आनंदलेले घर महिन्याभराने खचते, ते याच गैरसमजामुळे. त्याच्या उलटही घडते, म्हणजे पहिल्या रात्रीचे गंभीर बोलणे ऐकून लोक कायमची आशा सोडतात.

आता कागदावरच्या ‘एम 4’कडे येऊ. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 साली ग्लासगो इथे बेशुद्धी मोजण्याची जी पद्धत मांडली, तिला आपण जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, म्हणतो. डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5 आणि हालचालीचे, म्हणजे कागदावरच्या ‘एम’चे, 6 असे मिळून जास्तीत जास्त 15 आणि कमीत कमी 3 गुण होतात. 8 किंवा त्याहून कमी गुण असतील तर इजा तीव्र मानतात. नळी घातलेल्या रुग्णाला बोलता येत नाही, त्यामुळे त्याचे बोलण्याचे गुण धरताच येत नाहीत आणि एकूण बेरजेला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून ‘आज स्कोअर किती’ असे विचारण्याऐवजी ‘हालचालीचा प्रतिसाद किती’ असे विचारा. पुढच्या वाटचालीचा अंदाज देण्यात या तीन भागांपैकी हालचालीचा भाग सर्वांत उपयोगी ठरलेला आहे.

हा प्रतिसाद आम्ही कसा पाहतो, ते जरा जवळून सांगतो. मी रुग्णाच्या मानेला लागून असलेला खांद्याचा स्नायू चिमटीत पकडून दाबतो किंवा भुवईखालच्या हाडाच्या कडेवर अंगठा रोवतो. रुग्णाने सांगितल्याबरोबर दोन बोटे दाखवली किंवा जीभ बाहेर काढली तर 6. सांगितलेले कळत नाही, पण त्याचा हात वर उचलला जाऊन माझ्या बोटापर्यंत पोहोचला आणि मला दूर सारू लागला तर 5. हात तिथवर येत नाही, पण कोपरात वाकून दुखण्यापासून दूर खेचला जातो तर 4. कोपर सावकाश वाकून मनगट आत वळते आणि हात छातीशी कडक आवळला जातो तर 3. हात ताठ होऊन आत पिळवटला तर 2, आणि काहीच झाले नाही तर 1. दोन्ही बाजूंपैकी जी बाजू चांगली प्रतिसाद देते, तिचे गुण धरतात. तुमच्या बंधूंचा 4 हा आकडा मधला आहे. त्यावरून निर्धास्त होता येत नाही, पण 2 किंवा 1 असलेल्या रुग्णापेक्षा त्यांची स्थिती निश्चितपणे बरी आहे. येत्या दिवसांत त्यांचा हात तोंडातल्या नळीकडे नेमका जाऊ लागला तर ते 5 कडे गेले असे समजा. आयसीयूत रुग्णाचे हात पट्टीने सैल बांधलेले पाहून नातेवाइकांना फार वाईट वाटते, पण पुष्कळदा ती पट्टी रुग्ण सुधारू लागल्यामुळेच बांधलेली असते, कारण नळी उपसण्याइतका नेमकेपणा त्याच्या हातात आलेला असतो.

मात्र या आकड्यावर अवलंबून राहण्यापूर्वी तो कोणत्या अवस्थेत मोजला हे पाहावे लागते. बीपी 80 असताना, ऑक्सिजन कमी असताना किंवा रक्तातली साखर फार खाली गेलेली असताना कोणाचाही प्रतिसाद कमी भरतो. दारू प्यायलेल्या रुग्णाचेही तसेच असते, पण ‘दारूमुळे झोपला असेल’ असे गृहीत धरून स्कॅन पुढे ढकलणे फार महागात पडते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला मिडाझोलम, फेंटानिल यांसारखी गुंगीची औषधे चालू असतात. त्यामुळे श्वास आणि बीपी सावरल्यानंतरचा आणि शक्य असल्यास गुंगी काही वेळ थांबवून घेतलेला आकडा आम्ही खरा धरतो. तुमचा ‘एम 4’ गुंगी चालू असताना लिहिलेला आहे की थांबवून, हे उद्या अवश्य विचारा. गुंगी थांबवणे दर वेळी सुरक्षित नसते, डोक्यातला दाब वाढलेला असेल तर डॉक्टर ते मुद्दाम टाळतात, हेही लक्षात असू द्या.

बाहुल्यांचा प्रतिसाद ही तुमच्या पत्रातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे. मेंदूला सूज येऊन तो खालच्या बाजूला सरकू लागला की बाहुली आकुंचन पावण्याचा आदेश वाहून नेणारी नस चेपते, बाहुली मोठी होते आणि टॉर्चच्या उजेडाला दाद देत नाही. एक बाहुली अशी होणे हा तातडीचा इशारा असतो. दोन्ही तशाच राहिल्या तर मृत्यूचा आणि गंभीर अपंगत्वाचा धोका खूप वाढतो. डोळ्यालाच थेट मार बसला असेल तर बाहुलीचा अर्थ बदलतो, म्हणून सुजलेल्या पापणीखालचा डोळाही आम्ही नीट पाहतो. तुमच्या बंधूंच्या दोन्ही बाहुल्या चौथ्या दिवशीही प्रतिसाद देत आहेत, याचा अर्थ त्यांच्या मेंदूचा देठ, म्हणजे मेंदूचा तळाचा भाग, अजून काम करीत आहे.

वयाबद्दल थोडक्यात सांगतो. वय जसे वाढते तसा धोका चढत जातो आणि त्याला एकच ठरावीक उंबरठा नाही. 34 वर्षांचा मेंदू सत्तरीच्या मेंदूपेक्षा चांगला सावरतो. त्याशिवाय वयस्कर माणसे पुष्कळदा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतात, त्यामुळे न्हाणीघरात पाय घसरून पडण्यासारख्या साध्या घटनेतही मोठा रक्तस्राव होऊ शकतो. वय ही तुमच्या बंधूंच्या बाजूची गोष्ट आहे.

सीटी स्कॅनमध्ये आम्ही प्रामुख्याने चार गोष्टी शोधतो. मध्यरेषा किती मिलिमीटर सरकली आहे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या पोकळ्या उघड्या आहेत की सुजेने मिटल्या आहेत, रक्त नेमके कुठे साचले आहे, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या खाचांत रक्त पसरले आहे का. तळाच्या पोकळ्या मिटलेल्या असणे हे वाईट लक्षण आहे आणि अहवाल वाचताना नातेवाइकांच्या नजरेतून तेच बहुधा सुटते. रक्ताच्या जागेवरूनही फार फरक पडतो. कवटी आणि मेंदूचे बाहेरचे आवरण यांच्यामध्ये साचलेली गाठ वेळेत काढली तर रुग्ण पुष्कळदा पूर्ण बरा होतो, कारण खालच्या मेंदूला फारशी इजा झालेली नसते. असा रुग्ण कधीकधी सुरुवातीला बोलतो, पाणी मागतो आणि काही तासांत बेशुद्ध होतो. म्हणून ‘शुद्धीवर आला, आता घरी नेऊ’ ही घाई धोक्याची. आवरणाच्या आत, मेंदूला लागून साचलेल्या रक्ताची गोष्ट वेगळी असते, कारण तिथे बहुधा मेंदूलाही मार बसलेला असतो. अशा रक्ताची जाडी 10 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा मध्यरेषा 5 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर सर्वसाधारणपणे शस्त्रक्रिया करावी लागते. तुमच्या बंधूंची शस्त्रक्रिया अजून केली नाही याचे कारण त्यांचा पातळ रक्तस्राव या मर्यादेच्या खाली आहे असे दिसते. ‘ऑपरेशन करण्याच्या पलीकडे गेले’ असा अर्थ त्यातून काढू नका.

स्कॅनच्या दोन मर्यादा तुम्हाला माहीत असायला हव्यात. मुका मार लागलेल्या जागी पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून पहिला स्कॅन सौम्य असला तरी तो पुन्हा करावा लागतो, आणि त्याला कोणी अनावश्यक खर्च समजू नये. दुसरी मर्यादा अधिक चकवणारी आहे. वेगातल्या गाडीच्या आघातात मेंदू कवटीच्या आत गोल फिरतो आणि त्याच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. ही इजा सीटीत जवळजवळ दिसत नाही. स्कॅन फार वाईट नाही आणि तरीही रुग्ण शुद्धीवर येत नाही, असे असेल तर आम्हाला या इजेची शंका येते आणि स्थिती स्थिर झाल्यावर एमआरआय करून तिचे स्वरूप पाहता येते. तुमच्या बंधूंच्या बाबतीत मी ही शक्यता मनात ठेवीन.

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी अपघाताच्या क्षणीच बव्हंशी ठरून गेलेल्या असतात. ज्या गोष्टीवर माणसाचा हात चालतो ती म्हणजे त्यानंतर होणारी दुसरी इजा, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘वरचे बीपी 80 होते’ हे आहे. अमेरिकेतील तीव्र इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदींवरून 1993 साली असे दिसून आले की सुरुवातीच्या काळात वरचे बीपी 90 च्या खाली गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. याचे कारण साध्या गणितात आहे. मेंदूत रक्त ढकलणारा दाब म्हणजे शरीरातला सरासरी रक्तदाब वजा डोक्यातला दाब. बीपी 80 आणि 50 असेल तर सरासरी दाब 60 येतो. सुजेमुळे डोक्यातला दाब 25 झाला असेल तर मेंदूसाठी उरतात 35. हा आकडा 60 ते 70 असायला हवा. मार लागलेल्या आणि आधीच उपाशी पडलेल्या पेशी तेवढ्या वेळात मरतात, आणि त्या पुन्हा मिळत नाहीत. म्हणूनच 2016 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत 15 ते 49 वयाच्या रुग्णाचे वरचे बीपी किमान 110 आणि 50 ते 69 वयाच्या रुग्णाचे किमान 100 राखावे असे सांगितले आहे.

प्रौढ माणसाचे बीपी फक्त डोक्याच्या माराने सहसा इतके उतरत नाही. ते उतरले की आम्ही दुसरीकडे रक्त शोधतो. पोटात, छातीत, कटिराच्या हाडात, मांडीत. मोडलेल्या मांडीत लिटरभर किंवा त्याहूनही जास्त रक्त साचू शकते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. तुमच्या बंधूंच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. पहिल्या रुग्णालयात थांबल्यामुळे वेळ गेला, थेट सोलापूरला आणायला हवे होते, अशी खंत तुम्ही व्यक्त केली आहे. मला तसे वाटत नाही. रक्तदाब पडलेला, उलटी झालेला, बेशुद्ध माणूस तसाच पुढे आणला असता तर महामार्गावर जो वेळ गेला असता तो त्याच्या मेंदूला परवडला नसता. पहिल्या ठिकाणी श्वासमार्ग मोकळा करून, सलाईन लावून, मांडीला आधार देऊन थोड्या वेळात पुढे पाठवणे हेच योग्य आहे. बीपी नेमके किती वेळ कमी होते, हे मात्र तिथल्या कागदांवर असेल. ते कागद इथल्या डॉक्टरांना दाखवा, कारण बीपी खाली असताना गेलेल्या प्रत्येक मिनिटाचा परिणाम होतो.

ऑक्सिजनचेही तेच आहे. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, उलटी किंवा रक्त श्वासनलिकेत उतरते आणि ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली जातो. बीपी आणि ऑक्सिजन दोन्ही एकदम घसरले तर हानी अधिक होते. श्वासनलिकेतल्या नळीचा पहिला हेतू हाच आहे. रस्त्यात अपघात पाहणाऱ्यांनी मानेला हिसका न देता जखमीचे तोंड साफ करावे, उलटी होत असेल तर मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण हा प्रश्न वाचणारे दुसरेही असतील आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर अशी वेळ कोणावरही येऊ शकते.

आयसीयूत आल्यावर दुसरी इजा टाळण्याचे काम संपत नाही, उलट ते बारकाव्यांचे होते. ताप, रक्तातले सोडियम खाली जाणे, साखर फार वाढणे, झटके येणे, फुप्फुसात जंतुसंसर्ग होणे, व्हेंटिलेटरने श्वास गरजेपेक्षा जोरात दिल्यामुळे कार्बन डायऑक्साइड फार कमी होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट सुजलेल्या मेंदूला पुन्हा दुखावते. डोक्याकडची बाजू 30 अंश वर ठेवणे, मान सरळ ठेवणे, नाकातल्या नळीने वेळेवर अन्न देणे, झटके टाळण्यासाठी फेनिटॉइन किंवा लेव्हेटिरॅसिटॅम साधारण पहिले सात दिवस देणे, ही कामे कोणाला भव्य वाटत नाहीत, पण रुग्ण त्यांच्यावरच तरतात. रात्रपाळीची जी परिचारिका तासातासाला बाहुल्या पाहून कागदावर लिहिते, तिच्या त्या नोंदीमुळे बदल वेळेत लक्षात येतो आणि शस्त्रक्रिया वेळेत होते.

याच संदर्भात औषधांबद्दल एक स्पष्ट मत देतो. पूर्वी सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देत असत. 10,008 रुग्णांवरील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष 2004 साली आले आणि त्यात स्टिरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांतले मृत्यू 21 टक्के, तर न दिलेल्या गटात 18 टक्के होते. तेव्हापासून डोक्याच्या माराला ते देऊ नये, हे ठरले आहे. सिटिकोलीन हे ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून दिले जाते, पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 1,213 रुग्णांच्या अभ्यासात त्याने रुग्ण अधिक सावरल्याचे दिसले नाही. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पहिल्या तीन तासांत दिले तर सौम्य आणि मध्यम इजेच्या रुग्णांत उपयोगी पडते, असे 2019 च्या अभ्यासाने दाखवले. चौथ्या दिवशी त्याचा प्रश्नच उरत नाही. नातेवाईक मित्रांकडून पैसे गोळा करून महागड्या इंजेक्शनांसाठी धावतात हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. तो पैसा पुढच्या फिजिओथेरपीसाठी आणि घरी माणूस थांबण्यासाठी राखून ठेवा, त्याचा उपयोग नक्की होईल.

आता तुमचा मूळ प्रश्न घेतो. वय, हालचालीचा प्रतिसाद, बाहुल्या, बीपी, ऑक्सिजन आणि स्कॅन यांवरून अंदाज देणारी गणिती कोष्टके 2008 पासून उपलब्ध आहेत आणि ती हजारो रुग्णांच्या नोंदींवर उभी आहेत. पण ती तुमच्या बंधूंसारख्या शंभर माणसांपैकी किती वाचतात एवढेच सांगतात. तुमचे बंधू त्या शंभरांतले कोणते, हे ती सांगू शकत नाहीत. तुम्ही दिलेल्या माहितीवरून वय, बाहुल्या आणि न सरकलेली मध्यरेषा या त्यांच्या बाजूच्या गोष्टी आहेत. सुरुवातीचे पडलेले बीपी, उलटी आणि खोल बेशुद्धी या विरुद्ध बाजूच्या. मेंदूची सूज साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढत असते, त्यामुळे ‘72 तास झाले तरी काही सांगत नाहीत’ ही तुमची तक्रार मला समजते, पण ते 72 तास म्हणजे निकालाची वेळ नसते. इतक्या गंभीर इजेत किमान तेवढा काळ तरी उपचार आटोपते घेण्याचा निर्णय करू नये, असे अतिदक्षता तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आम्ही थांबतो त्याला आणखीही कारण आहे. घाईने ‘आशा नाही’ असे म्हटले की उपचार सैल पडतात, मग रुग्ण दगावतो आणि म्हटले ते खरे ठरले असे सगळ्यांना वाटते.

सावरण्याबद्दल सांगायचे तर वाचण्याची शक्यता वाढवणारा प्रत्येक उपाय सावरण्याची शक्यता तितकीच वाढवतो असे नाही. डोक्यातला दाब औषधांनी आटोक्यात येत नसेल तर कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया करतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या शस्त्रक्रियेमुळे सहा महिन्यांतले मृत्यू 48.9 टक्क्यांवरून 26.9 टक्क्यांवर आले, पण भान न येता जगत राहिलेल्यांचे प्रमाण 2.1 वरून 8.5 टक्के झाले. ही वेळ तुमच्यावर आली तर डॉक्टरांशी दोन्ही आकड्यांबद्दल बोला. दुसऱ्या बाजूला 2021 साली अमेरिकेतून आलेला अभ्यास धीर देणारा आहे. दोन आठवड्यांनंतरही भान न आलेल्या रुग्णांपैकी सुमारे 78 टक्के वर्षभरात शुद्धीवर आले, आणि पूर्ण माहिती मिळालेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्णांना आपण कोण, कुठे आणि आज कोणता दिवस हे नीट सांगता येऊ लागले. तिथल्या पुनर्वसनाच्या सोयी आपल्याकडे तितक्या सहज मिळत नाहीत, तरीही चौथ्या दिवशी निकाल लावणे किती चुकीचे आहे, हे यातून दिसते. शुद्धीवर आल्यानंतर चिडचिड, विसरभोळेपणा, लवकर थकणे, स्वभावातला बदल हे महिनोन्‌महिने राहू शकते. हात-पाय चालू लागले म्हणजे बरे झाले असे समजून लगेच कारखान्यावर किंवा मागावर उभे करू नका, आणि गाडी तर मुळीच हाती देऊ नका.

पुण्याला हलवण्याबद्दल. पुणे रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि प्रत्येक हलवाहलवीत बीपी आणि ऑक्सिजन घसरण्याची संधी असते. तुम्ही आहात तिथे मेंदूचा शल्यविशारद रात्री-अपरात्री उपलब्ध असेल, सीटी चोवीस तास असेल, व्हेंटिलेटर आणि रक्तपेढीची सोय असेल तर निव्वळ मोठ्या शहरासाठी मी हलवणार नाही. डोक्यातला दाब मोजण्याचे यंत्र तिथे नाही, ही तुमची शंका रास्त आहे. पण 2012 साली बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या 324 रुग्णांच्या अभ्यासात, यंत्राने दाब मोजून केलेले उपचार आणि वारंवार तपासणी व स्कॅन यांच्या आधारे केलेले उपचार यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. तपासणी काटेकोर होत असेल तर यंत्र नसल्यामुळे काही हुकते आहे, असे मानायचे कारण नाही. वरच्या सोयींपैकी एखादी खरोखरच नसेल तर मात्र हलवावे, आणि तेही सोलापुरातल्याच सोय असलेल्या रुग्णालयात आधी चौकशी करून, व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णवाहिकेत डॉक्टर सोबत घेऊन.

राहिला गळ्याच्या छिद्राचा, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचा प्रश्न. रुग्ण आणखी बरेच दिवस स्वतःचा कफ काढू शकणार नाही असे दिसले की साधारण पहिल्या आठवड्यात किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला आम्ही ती सुचवतो. तोंडातली नळी निघाल्याने घशाची इजा टळते, कफ काढणे सोपे जाते, गुंगीची औषधे कमी करता येतात आणि त्यामुळे खरी शुद्ध किती आहे हे नीट तपासता येते. व्हेंटिलेटर काढण्याची वाटही त्यातून सुकर होते. रुग्ण सावरला, खोकला जोरात येऊ लागला की ती नळी काढतात आणि छिद्र बहुधा काही दिवसांत आपोआप मिटते. ज्यांच्याबद्दल आशा उरलेली नाही अशा रुग्णासाठी सहसा कोणी ही शस्त्रक्रिया सुचवत नाही. सहीपूर्वी दोन गोष्टी विचारा. पोटात किंवा मांडीत अजून रक्तस्राव होत नाही ना, आणि डोक्यातली सूज इतकी आहे का की अजून दोन-तीन दिवस थांबणे बरे. या दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर सही करा, आणि त्यानंतर गुंगी कमी केल्यावर हालचालीचा प्रतिसाद पुन्हा कधी तपासणार, ते विचारून ठेवा.